खिशाचं माप

मंगळवारचे पहिले दोन तास.
चौदा-पंधरा वर्षांची अठरा मुलं, अकरा मशीन,
त्यातली दोन आजारी.
बाहेर फ्रेझरबरोचा वारा
बंदरातल्या दोरखंडांना शिट्या मारायला शिकवतोय.
आत मी शिकवते सरळ शिवण.

सरळ शिवण भयंकर अवघड असते
हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते,
म्हणजे पुढे कुणी रडत नाही.

सुईकडे बघू नका, कापडाच्या कडेकडे बघा.
पेडल दाबायचं नसतं, त्याला विचारायचं असतं.
इनिसचा बूट कुणाला काही विचारत नाही.
त्याच्या सुईखालून कापड
कुंपण मोडून आलेल्या मेंढीसारखं बाहेर पडतं,
वाकडंतिकडं, धापा टाकत.
उसव, मी म्हणते.
उसवणं हेही शिवणकामच.
वर्षाच्या शेवटी निम्म्या वर्गाला
तेवढंच नीट जमत असतं.

या सत्रात फक्त एक खिसा.
कोट नाही, झगा नाही,
ओळखीच्या कुणासाठी तरी एक खिसा.
आधी त्या माणसाचा हात मोजून आणा :
मनगट, तळव्याची रुंदी, मधल्या बोटापर्यंतची लांबी.
आणि त्या हातात नेहमी काय असतं, ते लिहा.

मोर्वेननं शाळेच्या बसचा ड्रायव्हर मोजला,
दोन थांब्यांत, दोन हप्त्यांनी.
इनिसनं स्वतःचाच हात मोजला
आणि वर लिहिलं : मावशी.
मी विचारलं, मावशी गोलकीपर आहे का रे?

मांतास तीन मंगळवार काहीच न आणता आला.
चौथ्यांदा चार घड्या घातलेला कागद.
"बाबा मासळीच्या कारखान्यातून येतात
तेव्हा मी निघालेला असतो.
रविवारी झोपले होते. सोफ्यावर, बुटांसकट.
एक हात खाली लोंबत होता. तोच मोजला."

आकडे होते. खोडलेले.
खाली पुन्हा तेच आकडे.

"चुकलं वाटलं. परत मोजलं.
माझ्या हातापेक्षा लहान येतोय."

जुनी टेप ताणली जाते, मी म्हटलं, मग माप कमी येतं.
"माझाही त्याच टेपनं मोजला, मिस."

तरी मी ती टेप स्टीलच्या पट्टीवर अंथरली.
मिलिमीटरचाही फरक नव्हता.
टेप बरोबर आहे, मी म्हटलं,
आणि बॉबिनचा डबा उगाचच उघडून बंद केला.

हातात नेहमी काय असतं?
तिथं लिहिलं होतं : सुरी.
त्याखाली, बारीक अक्षरात :
पण ती तिथंच ठेवून येतात.

म्हणजे खिसा रिकाम्या हातासाठी.
असा खिसा माझ्याकडे याआधी कुणी आणला नव्हता.

बाहेरून त्यानं मेणकापड घेतलं,
अस्तराला फ्लॅनेल, कुणाच्या तरी पायजम्याचं.
शिवणीसाठी दीड सेंटिमीटर सोड, मी म्हटलं.
त्यानं तीन सोडले.
का रे?
"हातमोज्यांसकट," तो म्हणाला,
आणि दात लावून दोरा तोडला,
जे या वर्गात सक्त मना आहे.

डावा कोपरा वाकडा आलाय.
त्याचा एक गुण मी कापला. कापावा लागतोच.
उलटी टीप मात्र अशी घट्ट
की दोन्ही अंगठे घालून ओढली तरी हलेना.

नंतर, मी फळा पुसतेय असं वाटून,
त्यानं स्वतःचा हात आत घातला.
मनगटापर्यंत गेला.
दुसऱ्याचं पत्र चुकून उघडलं जावं
तसा लगेच बाहेर काढला
आणि लटकणारे दोरे कापत बसला.

घंटा झाली.
बाकं सरकली, खडू पडला, अर्धा वर्ग दारात.
एक मशीन अजून चालू होतं, हळू,
जवळजवळ आदबीनं.

इनिस.
अकरा सेंटिमीटर, सरळ.
त्याला कुणी बघत नव्हतं.
मीही बघितलं नाही.