गळती

विद्यापीठाच्या अहवालात एक तक्ता आहे,
पीएच.डी. करून बाहेर पडलेल्यांचा.
मथळा : गळती.
त्यातला एक थेंब ग्रासिएत.

सहा वर्षं देवमाशांचे आवाज ऐकले,
आता ती पोर्तोच्या पाणीखात्यात.
रात्री दोनला, शहर निजल्यावर,
चढाच्या गल्लीत गुडघे टेकते,
लोखंडी कांब दगडावर, कांबेला कान.
"काय म्हणतंय?" आदेरितो विचारतो.
"थांब. हा कुणाचातरी फ्रिज."
मग वीतभर पुढे सरकून :
"इथे. दीड मीटर खाली. खूण कर."

जुने सर भेटले बेकरीत.
"एवढं शिकलीस, वाया गेल्यासारखं नाही वाटत?"
म्हणणार होती, प्रबंध पाच जणांनी वाचला,
त्यातला एक माझा भाऊ, तोही अर्ध्यात झोपला.
म्हणाली एवढंच,
"सर, मंगळवारी तुमच्या गल्लीत पाणी नाही.
भरून ठेवा."

देवमासे आठवतात, खोटं कशाला बोला.
परवा एका जुन्या नळात
अगदी तसाच खर्ज लागला,
आणि ती ऐकतच राहिली.
आदेरितो खडू घेऊन
उभा.