नाबोथचा मळा

शुक्रवारी तिन्हीसांजेला, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर,
जाळ्यांच्या मांगरात आम्ही अकरा जण, एक कंदील,
आणि दाराशी लुदोविनाचं कुत्रं, माशांच्या डोक्यांची वाट बघत.

मी वाचतो. बाकीचे हात जाळं सांधतात.
राजाला नाबोथचा द्राक्षमळा हवा होता,
राजवाड्याला लागून होता म्हणून,
भाजी लावायला.

'बाजारात भाजी गावाक नाय त्येका?'
लुदोविना विचारते. कुणी हसत नाही.
आमची मासे सुकवायची पुळण
हॉटेलवाल्यांना हवीय
पोहायचा तलाव बांधायला,
समुद्रापासून चाळीस पावलांवर.

पाद्री सांगायचे, हव्यास हे पाप.
मळ्याचा सातबारा नाबोथच्या नावावर होता,
हे वेदीवरून कधी ऐकलं नव्हतं.

नाबोथ नाही म्हणतो. बापजाद्यांची जमीन.
मग दोन खोटे साक्षीदार त्याच्यासमोर बसवतात.
लुदोविनाची सुई थांबते.
'नावा काय त्येंची?'
नावं लिहिलेली नाहीत, काकी.
'हयसर आसत.'

कायतान काळोखात चप्पल चाचपतो.
पंचनाम्यावर त्याची सही आहे.
पोराच्या होडीला नवं इंजिन बसलं
त्याच आठवड्यात.

'बस रे, कायतान. आणि तो एलीया खय रवलो?'
येतो, मी म्हणतो. नाबोथला मारल्यावर.
'उशीर केल्यान.'
ती कंदिलाची वात वर करते.

कायतान उभाच, एक पाय चपलेत.

'परत वाच,' ती मला म्हणते,
'नाबोथ जितो आसा थयसून.'