पडताळणी

आठवं घर सोडून दिलं, कारण तिथल्या बाईंनी
टाळ्या वाजवल्या, दिओलिंदा.
तू खुर्चीत नीट बसलीस म्हणून टाळ्या.
"किती शहाणी आहे ना आमची आजी!"
तू, जिच्या पावलांची चाहूल लागली
की सेतुबालच्या बाजारातल्या मासळीवाल्या
पारड्याखाली चिकटवलेली लोखंडी चकती
गुपचूप ॲप्रनच्या खिशात टाकत.
एकतीस वर्षं नगरपालिकेची वजनमाप-निरीक्षक.
निळ्या मखमलीतली ती पितळी वजनं,
त्यांना तू माझ्यापेक्षा जास्त वेळा हात लावला असशील.
(हे मी एकदा म्हणालो होतो. तू हसली नव्हतीस.)

मी वही केली. तुझ्याच सवयीने रकाने आखून:
वास. रात्रपाळीला किती जण. दाराला आकड्यांचं कुलूप आहे का.
पेन्शनमधून किती उरतं. काही उरत नाही.
एका ठिकाणी खिडकीतून समुद्र दिसायचा,
आणि सगळ्या खुर्च्यांची तोंडं टीव्हीकडे.
एकात नन होत्या. स्वस्त. नाव लावून ठेवा म्हणाल्या,
चौदा महिन्यांनी जागा होईल.
जागा कशी होते ते कुणी बोललं नाही.
मीही वहीत नुसता आकडा लिहिला.

लक्झेंबर्गहून मुलगा म्हणतो, बाबा,
इतकं तोलूनमापून बघत बसलात
तर तुम्हीच आधी जाल.
त्याला मी सांगितलं नाही की मार्चमध्ये
पहाटे चार वाजता, अनवाणी,
तू फळवाल्याच्या शटरवर थापा मारत होतीस:
काटा दाखव. काटा दाखव.
हेही सांगितलं नाही
की घरी आणताना तुझा दंड मी असा धरला
की चार बोटं उमटली.
दोन आठवडे तू लांब बाह्यांचे ब्लाउज घातलेस.
म्हणजे मी घातले तुला.

नववं पाल्मेलाच्या चढावर. रंग उडालेलं,
लिफ्ट बंद. मी फाटकातूनच परतणार होतो,
तोवर तू वासाच्या मागे थेट स्वयंपाकघरात.
ओट्यावर पीठ, वजनकाटा,
आणि केप व्हर्दची एक दणकट बाई, झुल्मिरा.
तू काट्यावर बोट टेकवलंस. उचललंस.
"अकरा ग्रॅम खातोय."
"काही खात नाही. गेल्याच वर्षी घेतलाय."
"मापात पाप."
"पाप? माझ्या स्वयंपाकघरात?"

आणि ती भांडली गं तुझ्याशी!
कमरेवर हात ठेवून, आवाज चढवून,
दोन वर्षांत कुणी भांडलं नव्हतं तशी.
मीसुद्धा नाही. मी नुसता हो म्हणत आलो,
हो गं, हो, बरोबर, झोप आता.

झुल्मिराने फळीवरून दुसरा काटा काढला.
तेच पीठ, तीच वाटी, दोनदा.
मग पदरचं कुणी उसनं मागावं तशा आवाजात
मला विचारलं, "नाव काय ह्यांचं?"
अर्ध्यातच थांबली,
मान तुझ्याकडे वळवली, तुलाच विचारलं.
तू सांगितलंस. आडनावासकट.
माहेरच्या.

मी सही केली. जिना उतरताना गुडघा कुरकुरला,
मागे तुम्ही दोघी अजून वाद घालत होतात,
बहुतेक मिठावरून.
दारापर्यंत तू आलीस. माझ्याकडे निरखून पाहिलंस,
ज्या नजरेने काटा मारणारे घाबरत, त्या नजरेने.
"तुमचं दुकान कुठलं?"
कोपऱ्यावरचं, मी म्हणालो. काय सांगणार?
"येईन मी गुरुवारी. वजनं पुसून ठेवा."

आज बुधवार.
पेटी उघडून बसलोय, चिंचोळ्या फडक्याने
एकेक पुसतोय. पाच किलो, दोन, एक, पाचशे.
सगळ्यात लहान, एक ग्रॅमचं,
कुठे गेलं ते सापडत नाही.