दगडाचं पांढरं

खानापूर ते जांबोटी, रस्त्याकडेचे अठरा दगड
या खेपेला माझ्या वाट्याला आले.
अंग पांढरं, डोक्याला हिरवी टोपी,
पोटावर काळ्यात गावाचं नाव, खाली आकडा.
एप्रिल. पहिल्या चारांत काही वाटलं नाही.
पाचव्याला पापण्या जड झाल्या,
सहाव्याला दगड दिसेचना,
नुसतं ऊन दिसायला लागलं,
चौकोनी, ओलं,
टर्पेंटाइनचा वास येणारं.

घरी आलो तर आरशात कुणीतरी रडून आलेला सटुप्पा.
बायको म्हणाली, कुणाशी भांडलास गा?
म्हटलं, दगडाशी.

पट्टणशेट्टी डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली.
रेप्पी सुजलीय, म्हणाल्या त्या.
पापणी, म्हणालो मी.
सूज एकच होती,
तिला दोन्ही नावं चालत होती.
मग बाई सांगत गेल्या:
चोळायचं नाही, रंगाच्या हातानं तर नाहीच नाही.
गार पाण्याची घडी, झोपताना मलम.
रुंद काठाची टोपी. बाजूनंही झाकेल असा काळा चष्मा.
आणि उन्हात पांढऱ्याकडे तोंड करून बसायचं नाही.

बाई, मी म्हटलं,
चाळीस वर्षं मी पांढऱ्याकडेच तोंड करून बसलोय.
त्याचेच पैसे देतात.

त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं नाही.

चष्मा घेतला रविवारपेठेत, दीडशेचा.
जग एकदम संध्याकाळचं झालं,
पापण्या सैल पडल्या
ओझं उतरलेल्या हमालासारख्या.
त्या आनंदात बारावा दगड केला,
टोपी घातली, मागं सरून बघितलं, झकास.
जांबोटीच्या चहागाडीवर तासात माणसं जमली.
दगडाला काळी टोपी!
हा निषेध कुणाचा? कुणाच्या बाजूचा?
एकानं फोटो काढला, दुसऱ्यानं
माझं आडनाव विचारलं, तिसऱ्यानं आईची भाषा.
कंत्राटदाराचा फोन, दोन्ही भाषांत शिव्या.
मी चष्मा काढला. डबा बघितला. खरंच काळा.
हिरव्याला आणि काळ्याला
त्या काचेत एकच रंग होता हो.

खरं सांगितलं तर कुणी ऐकेना.
डोळ्याचं दुखणं एवढं साधं असू शकतं
यावर आमच्याकडं विश्वास नाही बसत.
दस्तगीर म्हणाला, मामा, जरा डोळे मीट, गप बस.
डोळे मिटतात की रे, मी म्हटलं,
मिटत नाही ते वेगळंच.
गाडीवरचे सगळे हसले.
मग कुणी हसल्यासारखं केलं नाही.

तेराव्या दगडापासून रंग दस्तगीर बघतो.
बावीस वर्षांचा आहे, पापण्या अजून कोऱ्या आहेत.
हिरवा, तो म्हणतो, मी ब्रश बुडवतो.
काळा, म्हणतो, मी नाव लिहितो.
सकाळी आठच्या आत दोन, चारनंतर एक,
मधला सगळा दिवस जांभळीखाली पालथा.
छत्री आणली त्यानं, आजोबाची, मोठ्या काड्यांची,
आणि माझ्या डोक्यावर धरली.
माझ्यावर नको रे, म्हटलं,
दगडावर धर.

तो बघत राहिला.
मग धरली.
पांढरं शांत झालं,
उकळतं दूध चुलीवरून उतरवावं तसं.
चष्मा मी कपाळावर ढकलला
आणि उघड्या डोळ्यांनी
जांबोटीचा काना ओढला, सावकाश,
वरून खाली.

मोटारवाले हॉर्न देऊन जात होते.
वेडेच म्हणत असतील,
दगडाला ऊन लागू नये म्हणून
छत्री धरून उभा असलेला पोरगा,
आणि त्याच्या पायाशी
टोपी घातलेला म्हातारा.