अडचणीतून मार्ग काढल्याचं एक उदाहरण सांगा

डंडीला डिसेंबरात पावणेचारलाच दिवे लागतात.
दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत
एक टेबल, दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा खोका
आणि भिंतीवर हसऱ्या पदवीधरांचं पोस्टर.
त्यातला एकही मी कधी पाहिलेला नाही.

सेफाकोर आग्बेली, किनारा अभियांत्रिकी, एम.एससी.,
घानातल्या केटाची.
कागद माझ्यापुढे सरकवते.
'अनुभव' या शब्दाखाली
तिनं प्रामाणिकपणे लिहिलंय : नाही.

"बाराव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत काय करत होतीस?"
"काही नाही. घरीच."
"घरी म्हणजे?"
"आई माशांना धुरी देते. आणखी सहा बायका.
हिशेब माझ्याकडे असायचा.
ट्रकवाल्याशी भांडणही माझ्याकडे.
समुद्र आत आला की भट्ट्या मागे न्यायच्या.
तीनदा नेल्या.
तिसऱ्यांदा कुठे बांधायच्या ते मी सांगितलं.
त्या अजून आहेत."
आणि मग, माफी मागितल्यासारखं :
"पण ते काम नव्हतं ना. ते घर होतं."

मला पगार मिळतो तो भाषांतराचा.
मी टाइप करते :
सात भागधारकांमध्ये समन्वय. किनाऱ्याची धूप,
जोखमीचं मूल्यमापन, स्थलनिश्चिती.
ती वाचते. परत वाचते.
फिसकन हसते :
"ही बाई कोण? हिला नोकरी द्या की!"
मीही हसते. मग दोघी गप्प,
कारण वाक्य खरं आहे, अक्षरन् अक्षर,
फक्त त्याला धुराचा वास नाही.

एक्केचाळीस अर्ज.
प्रत्येकात खालून तिसरा प्रश्न :
पुढे व्हिसासाठी प्रायोजक लागेल का?
'हो'वर बोट ठेवलं की पडदा आभार मानतो,
फार सभ्यपणे, चार सेकंदांत.
मी घड्याळ लावून पाहिलंय.
इथे माझ्याकडे सल्ला नसतो.
बिस्किटं असतात,
आणि परवानाधारक कंपन्यांची यादी, मार्चमधली, शिळी.

आठवड्याला वीस तास, त्याहून मिनिट जास्त नाही,
ती आर्ब्रोथला जाते,
धक्क्याजवळ हॅडॉकला धुरी देणाऱ्या म्हाताऱ्या ड्रमंडकडे.
पहिल्याच दिवशी तिनं ओल्या गोणपाटावर
हात उलटा धरला
आणि न विचारता म्हणाली, आच जास्त झालीय.
"त्यानं सीव्ही मागितलाच नाही," ती सांगते.
त्यात आनंद किती, राग किती,
मला अजून उमगलेलं नाही.

फेब्रुवारीत मुलाखतीची तालीम.
मी माझा खास परका आवाज काढते :
अडचणीतून मार्ग काढल्याचं एक उदाहरण सांगा.
ती पायाकडे बघते.
"आई म्हणते, अडचण परक्याला सांगू नये,
ती त्याच्या मागोमाग त्याच्या घरी जाते.
आधी तुम्ही सांगा."

खुर्च्या बदलल्या.
आणि मी, इझबेल केर्ड,
तेवीस वर्षं हा प्रश्न विचारणारी,
रुमालांच्या खोक्याकडे बघत बसले.
आम्ही इथे सहा जणी. जुलैनंतर तीन.
माझं नाव कुठल्या यादीत आहे
ते मलाही पडदाच सांगणार, सभ्यपणे.
"मी..." म्हणाले, "मी अजून दर गुरुवारी येते."
तिनं ते वहीत लिहून घेतलं.
"आणि परिणाम काय झाला?"
अगदी मी शिकवलं होतं तसंच विचारलं.

उत्तर नव्हतं. मी खिडकीबाहेर बघितलं,
म्हणून तिनंही बघितलं.
टे नदीला ओहोटी लागली होती, चिखल चकाकत होता.
"तो बांध चुकीच्या जागी आहे," ती म्हणाली.
"कुठला?"
"तो काय. पाणी तिथून येणारच नाही.
पलीकडून येईल, मागल्या दारानं."
तालमीतला आवाज नव्हता तो.
ट्रकवाल्याशी भांडणारा होता.

"हे," मी म्हणाले, "हेच सांग."
पण तिचं लक्ष नव्हतं.
तिनं तो पहिला कागद उलटा केला होता
आणि 'अनुभव : नाही'च्या पाठीवर
पेन्सिलीनं नदी काढायला घेतली होती.