निपाणी विभाग : इतिहास दोन पानांत

बेंगळुरूहून पत्र आलंय :
राज्य प्रौढशिक्षण संघाला पंचाहत्तर वर्षं होत आहेत,
तरी आपल्या विभागाचा इतिहास
सोबतच्या तक्त्यात, दोन पानांत, महिनाअखेर पाठवावा.

ट्रंक उघडून बसले आहे.
कागदांना अजून तंबाखूचा वास.
साहजिकच. आमचं पहिलं कार्यालय म्हणजे
वखारीतला, वजनकाट्यामागचा कोपरा.

स्थापनेच्या तारखा दोन सापडतात.
एक उद्घाटनाची, हारतुऱ्यांच्या पावतीसकट.
दुसरी त्याआधी चार महिन्यांची :
रॉकेल एक बाटली, पाट्या सहा, पैकी एक फुटकी.

छप्पन सालापर्यंत आमचे अहवाल पुण्याला जायचे,
मग धारवाडवरून बेंगळुरूला.
राज्य बदललं, शिक्का बदलला, टपालखर्च वाढला.
कंदील तोच राहिला. तो धरायला मी.
वय अकरा, शाळेत जाणारी, म्हणून मान.

बुधवारी मराठी, शुक्रवारी कन्नड.
गुरुवारी बाजार, त्या दिवशी कोण येतंय?
कन्नड शिकवायला नीलम्मा बडिगेर.
पहिल्याच रात्री गंगव्वा सुतार फळ्याकडं बघत म्हणाली,
‘मराठीत सगळ्यांना मिळून एकच दोरी, वाळत घातल्यागत.
ह्यात बघा, जो तो आपली चुंबळ आपल्या डोक्यावर.’
नीलम्मा हसली आणि पुढं कायम
तलेकट्टूला चुंबळच म्हणत राहिली.

साठ साली तपासणीस आले. शेरा तांबड्या शाईत आहे :
‘विद्यार्थिनी क्रियापदाचे लिंग चुकवतात. सुधारणा आवश्यक.’
पुस्तकात छापलेलं, मी पाटी आणते.
हुसेनबी मुजावर बोट ठेवून वाचायची, मी पाटी आणतो.
तीनदा सांगितलं. तीनदा आणतो.
शेवटी तिनंच विचारलं,
‘आणते म्हटलं तर हजारी बिडीमागं मजुरी वाढंल काय, साहेब?’
ह्याची नोंद शेऱ्यात नाही.

एकोणसत्तर साली कार्यकारिणी फुटली.
इतिवृत्त कुठल्या भाषेत लिहायचं, ह्यावरून.
तवनाप्पा चौगुले दप्तर घेऊन संकेश्वरला गेले,
बसलिंगय्या हिरेमठ शिक्का घेऊन चिकोडीला.
दोघंही भली माणसं.
पण दप्तराला शिक्का नाही, शिक्क्याला दप्तर नाही,
दोन वर्षं विभागानं काहीच ठरवलं नाही.

हजेरीपुस्तक मात्र कुणी नेलं नव्हतं.
ते कंदिलाखाली होतं, तेलाच्या डागाचं.
त्या दोन वर्षांचा इतिहास म्हणून
माझ्याकडं गैरहजेरीच्या कारणांचा रकाना आहे :

पाला भिजवायचा होता.
यल्लम्माच्या डोंगरावर.
सासूनं पाटी फोडली.
वखारीत रात्रपाळी.
कंटाळा.
पाला भिजवायचा होता.
कारण सांगितलं नाही, डोळा सुजलेला.
नाव लिहिता येतंय, आता बास म्हणाली.
(तीच, चार दिवसांनी : हजर. जाऊबाईंचं नाव लिहायचंय.)

तक्त्यात ह्याला जागा नाही.
तक्त्यात आहे : साक्षर झालेल्यांची संख्या.
मी दोनदा मोजलं, दोनदा वेगळं आलं.
गंगव्वाला कुठं धरायचं?
तिला बसच्या पाट्या दोन्ही लिपींत वाचता यायच्या,
सही मात्र कधी केली नाही,
कागद पुढं आला की आधी सगळा वाचायची
आणि परत द्यायची.

रकाना सात : शाखा केव्हा व का बंद पडली.
ठराव शोधला. नाही.
शेवटच्या हजेरीच्या खाली
नीलम्माच्या गोल गोल अक्षरात एवढंच :
हजर नऊ.
उद्या पेन्सिली आणणे.

तर रकाना सातमध्ये हेच लिहितो.
दोन पानांत मावलं नाही. मागं जोडलंय.
आणखी हवं असल्यास कळवावं,
पाठवतो.