शेवटची बस

फोंड्याहून पणजी जेमतेम तीस किलोमीटर.
“एवढ्यासाठी बॅग?” सून म्हणते,
“गाडीनं जाऊ, मस्त जेवू, रात्री परत.”
तेच तर नको गं.
रात्री परत मी एकतीस वर्षं आलेच आहे.

बंदर कप्तानाच्या कचेरीत
माझं टेबल नदीकडे पाठ करून होतं.
आलेल्या बोटींची नोंद माझ्याकडे:
नाव काय, कुठून आली, माल कोणता, मुक्काम किती.
मांडवी मी रकान्यांतून पाहिली.
आणि सहा दहाला पर्स उचलून
कदंबच्या रांगेत उभी राहिले,
पुढच्या माणसाच्या मानेवर
ऊन तांबडं होत जाताना.

दिवे लागलेली पणजी मला ठाऊक नाही.
नावाची पणजी, पण म्हणतात
रात्री चांगली नटते.

तर ठरलंय. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा,
ऊन तेव्हा माणसात आलेलं असतं.
तीन रात्री. दोन नाहीत,
दोन म्हणजे कुणाच्या बारशाला गेल्यासारखं.

फोंतेन्यासात खोली मिळतेय,
निळ्या भिंतीची, शिंपल्यांच्या तावदानांची.
मिलाग्रिन बाई फोनवर म्हणाल्या,
“बाल्कनीची घ्या, तीनशे जास्त.”
तीनशे!
दोन क्षण मी काहीच बोलले नाही.
समोर भिंतीवर निवृत्तीच्या दिवशी दिलेलं घड्याळ,
(अजून वेळ पाहावी मी, असं वाटलं असेल त्यांना)
टिकटिकत होतं.
“बाल्कनीचीच,” म्हटलं.

वहीत लिहून काढलंय सगळं, जुनी खोड.
पहिला दिवस: बाल्कनीत बसणे. पुढे रेघ.
दुसरा: फेरीबोटीनं बेतीला जाणे,
न उतरता परत येणे,
पुन्हा जाणे.
रुंद काठाची टोपी घेणे.
डोक्यावर की हातात, ते तिथं ठरेल.
कॉफी अशा ठिकाणी, जिथं पेल्याखाली बशी असते
आणि उठा म्हणून कुणी टेबल पुसत नाही.
सुलक्षा कुंकळ्येकरला विचारलं, येतेस?
तिच्या गुडघ्यांनी नाही म्हटलं,
ती म्हणाली, “फोटो पाठव. टोपीसकट.”

पण खरा बेत वहीत नाही.
खरा बेत असा, की तिसऱ्या संध्याकाळी
स्टँडसमोरच्या कठड्यावर जाऊन बसायचं,
“फोंडा फोंडा फोंडा” ओरडेल कंडक्टर,
पाय आपोआप उठतील, त्यांना धरून ठेवायचं.
शेवटची बस सुटेल,
मागच्या खिडकीत कुणी तरी पेंगत असेल, तोंड उघडं,
पर्स पोटाशी.
तिला हात करायचा की नाही, अजून ठरत नाही.

कपड्यांपाशी मी अडले होते.
साड्या ढीगभर, पण सगळ्या कचेरीच्या,
डाव्या खांद्यावर पिनेची भोकं.
शेवटी इनास शिंप्याकडे लिनन नेलं,
लिंबाच्या सालीचा रंग.
पायघोळ झगा, बाह्या कोपरापर्यंत.
चष्म्यावरून बघत राहिला.
“कुणाचं लग्न, बाय?”
“कुणाचं नाही.”
“मग फेस्त?”
“फिरायला चाललेय.”
“दुबई?”
पणजी म्हटलं तर हसेल,
म्हणून म्हटलं, “एक बंदर आहे. ऊन चांगलं असतं तिथं.”
त्यानं मान डोलावली, टेप गुंडाळली,
खडूनं कापडावर एक चौकोन काढला
आणि सवयीनं विचारलं,
“आत खिसा ठेवू ना? पासासाठी?”

पास आता कुठला.
तरी म्हटलं, ठेव.
खोलीला किल्ली असेल ना.